वकील तुझा हवा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि झोप लागली नाही. तू विचारलंस, "मावशी, तिघं जण फ्लॅटचे कागद ठीक आहेत म्हणतायत, मग मी आणखी एक वकील कशाला करू?" मी तुझ्यावर चिडले. आज शांतपणे लिहायला बसले आहे, तरी मधेच आवाज चढला तर समजून घे.

तुझे ते तिघं बघू. एक, एजंटचे 'नेहमीचे वकील', ५,००० रुपयांत सगळं करून देणारे. दोन, बँकेच्या पॅनेलवरचे, ज्यांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, आल्यावर कर्ज मंजूर झालं. तीन, बिल्डरचे वकील, ज्यांचं टायटल सर्टिफिकेट, म्हणजे मालकीचा दाखला, तू महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर वाचलंस. यातलं कोणी खोटं बोलतंय असं मी म्हणत नाही. पण एजंटला दलाली मिळते ती व्यवहार झाला तरच. बिल्डरच्या वकिलाचं अशील बिल्डर. बँकेच्या वकिलाचं अशील बँक. तुझ्यासाठी कोण बघतंय?

बँकेचं तर मला सांगूच नकोस. तुझ्या आईबरोबर मी कर्जखात्यात बावीस वर्षं काढली. शेकडो सर्च रिपोर्ट या हातांनी फाइलला लावले. त्या रिपोर्टची फी कर्जदार भरतो, म्हणून त्याला वाटतं की तो वकील आपला. रिपोर्टच्या माथ्यावर नाव शाखाधिकाऱ्याचं असतं. बँकेला पाहायचं असतं की तारण पुरेसं आहे का. उद्या मालकीचा वाद निघाला तर बँकेकडे तुझा पगार आहे, जामीनदार आहेत. घरावर हक्क सांगणारं कोणी उभं राहिलं तरी तुझा हप्ता थांबत नाही. कर्ज मंजूर झालं म्हणजे टायटल क्लियर, हे वाक्य मी टेबलाच्या पलीकडून इतक्यांदा ऐकलं आहे, आणि एकदा स्वतः मनाशी म्हटलं आहे. तेच सांगायचं आहे.

१९९६ साली आम्ही पुण्यात धायरीला फ्लॅट घेतला. सोळा घरांची इमारत. बिल्डरचे वकील आमच्याच शाखेत येणारे, ओळखीचे, माझ्या टेबलावर चहा घेणारे. त्यांच्या दाखल्यात लिहिलं होतं, 'मालकी हक्क निर्वेध व बोजारहित'. मी कर्जखात्यातली बाई, मला वेगळा वकील कशाला? फी वाचली याचा आनंदही झाला असेल.

२००७ मध्ये ह्यांचं दुखणं निघालं. पैसे लागणार होते, म्हणून फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, इसाराची तारीख ठरली. आणि त्या गिऱ्हाइकाच्या वकिलाने व्यवहार थांबवला. त्याने जमिनीचा सातबारा काढला, इतर अधिकाराच्या रकान्यात एका बाईचं नाव पाहिलं. मग फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद, काढला. जमीनमालक वारल्यावर मुलांची नावं कब्जेदार म्हणून लागली होती, आणि मुलीचं नाव आपल्याकडे सर्रास करतात तसं इतर अधिकारात टाकलं होतं. बिल्डरला लिहून दिलेल्या दस्तावर तिची सही नव्हती. हक्कसोडपत्रही नव्हतं. तेवढ्यावर न थांबता तो शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात गेला. त्या बाईने भावांवर लावलेला वाटपाचा दावा तिथे चालू होता. आम्हा सोळा घरांत एकालाही पत्ता नव्हता.

व्यवहार मोडला. दावा तडजोडीने मिटायला पुढे चार वर्षं गेली, आम्हा सगळ्यांना वर्गणी काढून पैसे द्यावे लागले. ह्यांच्या उपचारासाठी मी गावचं शेत गहाण टाकलं. ते २००९ मध्ये गेले. फ्लॅट वेळेत विकला असता तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही म्हटलं नाही. पण शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी पैशाची काळजी केली, आणि ती माझ्यामुळे केली. एक वकील माझा असता तर मी तो फ्लॅट घेतलाच नसता.

त्या गिऱ्हाइकाच्या वकिलाचा मी कितीतरी महिने राग केला. एवढं खणायची काय गरज होती, असं वाटायचं. मग एक दिवस लख्ख कळलं, की मला १९९६ मध्ये हवा होता तो हाच माणूस. पुढे माझी सगळी कागदपत्रं मी त्यांच्याकडेच नेली.

म्हणून वकील कसा शोधायचा म्हणशील, तर व्यवहार सुरळीत झालेल्या लोकांना विचारू नकोस. त्यांचा वकील चांगला होता की नशीब, हे त्यांनाही माहीत नसतं. ज्याच्या वकिलाने 'हे घेऊ नका' म्हणून सांगितलं, अशा माणसाला गाठ आणि त्या वकिलाचं नाव घे. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, नाव तोंडीच मिळायचं. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची आहे ना, ते विचारायला लाजू नकोस.

मग त्यांच्याकडे जा आणि पहिला प्रश्न हा: या एजंटचं, या बिल्डरचं, या विकणाऱ्याचं काम तुम्ही कधी केलं आहे का? उत्तर द्यायला वेळ लागला तर उठून ये. दुसरा: फी व्यवहार मोडला तरी तेवढीच ना? तेवढीच असायला हवी. व्यवहार झाल्यावर बघू म्हणणाऱ्याला व्यवहार व्हायला हवा असतो. तिसरा: रिपोर्ट कोणाच्या नावाने देणार? तुझ्या नावाने, त्यांच्या सहीने, आणि कोणते कागद मूळ पाहिले, कोणते झेरॉक्स, हे लिहून. सर्चला कारकून जाणार असेल तर जाऊ दे, पण सर्चच्या फीची पावती रिपोर्टला जोडलेली हवी.

तीस वर्षांचा सर्च माग. मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घ्यायला तीस वर्षं दिली आहेत, सर्चही तेवढा मागे जायला हवा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, तू स्वतः संकेतस्थळावर बघितलास, छान केलंस. पण मूळ कागद बँकेत ठेवून काढलेलं कर्ज दर वेळी तिथे दिसेलच असं नाही. वारसांची भानगड तर तिथे मुळीच दिसत नाही, ती फेरफारात आणि माणसांच्या बोलण्यात असते. मुलींच्या हक्काचं तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर कुणी डोळ्यांआड करूच शकत नाही. चांगला वकील विचारतो, 'मालकाला बहिणी किती?' हा प्रश्न तुझ्या वकिलाच्या तोंडून आपणहून आला तर निम्मी परीक्षा पास.

आणि रजिस्ट्रेशन झालं की काळजी मिटली, हे डोक्यातून काढ. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तो त्याचा अधिकारच नाही. म्हणजे त्या कचेरीत फोटो काढून अंगठा देईपर्यंत तुझ्या बाजूने कागद वाचणारं फक्त एकच माणूस असू शकतं, आणि ते तू नेमलेलं असलं पाहिजे.

बाकी टीडीएस, सोसायटीचा ना हरकत दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, शेअर सर्टिफिकेट, हे कोणीही सांगेल. त्यासाठी मला पत्र लिहायची गरज नव्हती. एक मात्र लक्षात ठेव, वकील त्या भागातला हवा. तुझ्या बहिणीला गोव्यात घर घ्यायचंय म्हणालीस ना? तिला पुण्याचा वकील देऊ नकोस. तिथे विकणाऱ्या नवरा-बायकोचे हक्क वेगळ्या कायद्याने चालतात, सही साधारणपणे दोघांची लागते.

विकतानाही हेच. वाईचं आमचं वडिलोपार्जित घर विकलं तेव्हा मी धाकट्या भावाला म्हटलं, तू तुझा वकील कर, मी माझा करते. त्याला वाटलं, ताईचा माझ्यावर विश्वास नाही. तीन भाऊबिजा झाल्या, तो आलेला नाही. तुझी आईही मला म्हणाली, "काय गरज होती?" गरज होती. पैशाच्या वाटणीत त्याला आठ लाख जास्त मिळाले, ते त्याच्या वकिलाने त्याचा खर्च दाखवून मिळवून दिले, आणि ते बरोबरच होते. माझ्या वकिलाने ते त्याला आपणहून सांगितलं असतं का? मी त्याच्या भल्याचंच केलं. हे मी त्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तरी उद्या पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा हेच म्हणेन.

आता वेगळ्या वकिलाच्या फीचे ते २०,००० रुपये. जास्त वाटतात म्हणालीस. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना दीड लाख ठेवलेस, मी काही बोलले नाही. वीस वर्षं हप्ते भरायचे आहेत तुला.

इसार दिला नसशील तर देऊ नकोस. एजंट म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असू दे. शनिवारी त्या वकिलांना भेट, मी बरोबर येते, बाहेर बसेन. रिपोर्ट आला की फोन कर आणि पहिली ओळ वाचून दाखव. 'प्रति' लिहिलेलं असेल, त्याच्यापुढे कोणाचं नाव आहे ते मला आधी ऐकायचंय.

तुझी,
मावशी