आयएसडीएन लाइन राउटरला जोडली, पण कॉल लागत नाही: तपास कुठून सुरू करावा?

सिस्को राउटरला बीआरआय (लहान क्षमतेच्या) प्रकारची आयएसडीएन लाइन, म्हणजे टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन जोडली, आयपी पत्ता आणि डायलर मॅप (कोणत्या पत्त्यासाठी कोणता क्रमांक फिरवायचा ते सांगणाऱ्या ओळी) भरले, तरी पलीकडच्या राउटरला पिंग (जोडणी तपासणारा संदेश) केल्यावर कॉल लागत नाही, अशी आपली अडचण आहे. माझा आग्रह असा, की तूर्त डायलरच्या ओळींना हात लावू नये. लाइनचे एक्स्चेंजशी बोलणे होते आहे की नाही हे कळण्याआधी केलेला प्रत्येक बदल पुढच्या तपासात गोंधळच वाढवतो.

प्रथम ‘शो आयएसडीएन स्टेटस’ ही कमांड द्यावी. तीत पहिला लेयर (लाइनची प्रत्यक्ष जोडणी) ‘ॲक्टिव्ह’ आणि दुसरा (त्या जोडणीवरून एक्स्चेंजशी होणारे बोलणे) ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ दिसायला हवा. पहिलाच बंद असेल, तर केबल तपासावी आणि राउटरचा पोर्ट कोणता आहे तेही पाहावे, कारण एस/टी पोर्टला मध्ये वेगळे एनटी१ (कंपनीची लाइन जिथे संपते तिथे बसवायचे उपकरण) लागते, तर यू पोर्टमध्ये ते आतच असते. युरोपातील काही एक्स्चेंज कॉल नसताना हे लेयर स्वतःहून बंद ठेवतात. तेथे कॉल करून पाहिल्याखेरीज लाइनला दोष देऊ नये.

पहिला लेयर चालू असून दुसरा अडला असेल, तर माझा पहिला संशय स्विच टाइपवर (एक्स्चेंज कोणत्या पद्धतीचे आहे ते राउटरला सांगणाऱ्या सेटिंगवर) जातो. युरोपीय पद्धतीच्या लाइनला ‘बेसिक-नेट३’, तर उत्तर अमेरिकेतील नॅशनल आयएसडीएनला ‘बेसिक-एनआय’ लागतो. उत्तर अमेरिकेत बहुधा स्पिड (एसपीआयडी, म्हणजे एक्स्चेंजला आपली ओळख सांगणारे) क्रमांकही भरावे लागतात. ते टेलिफोन क्रमांकासारखेच दिसतात, पण त्यांना जास्तीचे आकडे जोडलेले असतात, म्हणून कंपनीने दिले असतील तसेच्या तसे ते लिहावेत.

दोन्ही लेयर चालू असतील तरच डायलरकडे वळावे. कोणत्या ट्रॅफिकने कॉल लागावा हे ‘डायलर-लिस्ट’ ठरवते. पण तिच्याच क्रमांकाचा ‘डायलर-ग्रुप’ इंटरफेसवर लिहिला नसेल, तर पिंगने कॉल लागणारच नाही. आपल्या वर्णनात या ओळीचा उल्लेख नाही, तेव्हा ती अवश्य पाहावी. त्या पत्त्याचा रूट बीआरआय इंटरफेसकडे जातो ना, हेही पाहावे. कॉल लागून लगेच तुटत असेल, तर चॅप (दोन राउटरांनी पासवर्डच्या आधारे एकमेकांची ओळख पटवण्याची पद्धत) तपासावे: प्रत्येक राउटरवर समोरच्याच्या होस्टनेमचा युजरनेम आणि दोन्हीकडे अक्षरशः तोच पासवर्ड असायला हवा.

लाइन सुरू झाल्यावर खर्चाकडेही लक्ष द्यावे. आयडल टाइमआउट (डायलर-लिस्टमधले ट्रॅफिक थांबल्यावर कॉल तोडण्याआधीचा अवधी) मुळात १२० सेकंदांचा असतो आणि रिप (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) चालू असेल तर तो दर ३० सेकंदांनी अपडेट पाठवतो. त्यामुळे डायलर-लिस्टमध्ये सगळे आयपी ट्रॅफिक मोकळे सोडले, तर एकदा लागलेला कॉल कधीच तुटत नाही आणि वेळेनुसार आकारणी असल्यास बिल वाढत राहते. ॲक्सेस-लिस्ट (कोणते ट्रॅफिक धरायचे आणि कोणते वगळायचे ते सांगणारी यादी) लावून राउटिंगचे अपडेट त्यातून वगळावेत.

एवढे करूनही कॉल लागला नाही, तर ‘डीबग आयएसडीएन क्यू९३१’चे आउटपुट आणि पासवर्ड काढलेले कॉन्फिगरेशन प्रश्नात जोडावे. एक्स्चेंजने कॉल नाकारताना दिलेला कॉज कोड (कारणाचा क्रमांक) त्या आउटपुटमध्ये असतो, आणि तो पाहून मी पुढचे सांगू शकेन.