जुनी, चेपलेली फेल्ट हॅट घरच्या घरी पुन्हा आकारात येते का?

प्रश्न असा आहे: सदाशिव पेठेतल्या घराच्या माळ्यावर, ट्रंकेत गाद्यांखाली आजोबांची राखाडी फेल्ट हॅट सापडली. घुमट चपटा झालाय, कड वेडीवाकडी झालीय, घालायची इच्छा आहे. इस्त्रीवाल्याकडे द्यावी का?

इस्त्रीवाल्याकडे मुळीच नको. फेल्टवर (केस किंवा लोकर दाबून केलेलं जाड कापड) गरम लोखंड घासलं की लव दबते आणि चकाकणारा डाग पडतो, तो सहसा जात नाही. हे काम वाफेचं आणि बोटांचं आहे.

आधी टोपीचं वय बघा. पूर्वी सशाच्या केसांच्या फेल्टला पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करत. अमेरिकेत ती १९४१ मध्ये बंद झाली. त्याचा विषारी अंश टोपीत टिकून राहतो. टोपी त्याआधीची असण्याची शक्यता असेल तर मी तरी तिला वाफ देणार नाही, काचेच्या कपाटात ठेवीन. त्यानंतरची असेल तर पुढे वाचा.

कसर लागलीय का ते रिबिनीखाली आणि आतल्या पट्टीमागे तपासा. शंका आली तर कोरडी टोपी पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. मग मऊ ब्रशने धूळ काढा. हात फिरवून बघितलात तर एका दिशेला लव गुळगुळीत लागेल, ब्रश त्याच दिशेने चालवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतली चामड्याची पट्टी बाहेरच्या बाजूला उलटी काढा. वाफ लागली की जुनं चामडं आक्रसतं, कडक होतं आणि टाक्यांपाशी फाटतं. मग फेल्ट कितीही सुरेख बसवलं तरी टोपी डोक्यात जात नाही. बहुतेक टोप्या इथेच वाया जातात.

साचा म्हणून पातेलं उपडं घालतात, पण पातेलं गोल आणि डोकं लांबट. ५७ सेंमी घेराचं डोकं साधारण २० सेंमी लांब आणि १६-१६.५ सेंमी रुंद असतं. म्हणून १६ सेंमी व्यासाचं पातेलं घ्या, पुढे-मागे दोन-दोन सेंमी जाडीच्या नॅपकिनच्या घड्या लावा, वरून सुती कापड ताणून बांधा. (आत ७ आकडा छापलेला असेल तर इंग्लिश मापात तो सुमारे ५७ सेंमी, अमेरिकन टोपीवर त्याच मापाला ७⅛ लिहितात.)

वाफेला चहाचं आधण उकळत ठेवा, किंवा सर्दीला वापरतात ते वाफाऱ्याचं यंत्र घ्या. यंत्राची वाफ एका जागी धरता येते, खळग्यांसाठी ते उत्तम. त्यात बाम वगैरे घालू नका, वास महिनोन्‌महिने राहतो. कुकरची शिट्टी काढून वाफ घ्यायच्या फंदात पडू नका. वाफेची इस्त्री असेल तर तीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी नको, क्षारांचे तपकिरी थेंब उडतात.

टोपी वाफेपासून १२-१५ सेंमीवर धरा, एका भागाला २०-३० सेकंद. फेल्ट गरम आणि लुसलुशीत लागलं पाहिजे, ओलं नाही. थेंब दिसले की थांबा: जास्त ओल आणि चोळणं एकत्र आलं की लोकरीचे तंतू एकमेकांत आणखी अडकतात आणि टोपी आक्रसते. खळगा आतून बोटांनी हळूहळू बाहेर ढकला, मग टोपी साच्यावर ओढून बसवा आणि घुमट नि कड मिळतात तिथे पायजम्याची नाडी आवळून बांधा. घुमटावरची खाच आणि पुढचे दोन चिमटे (बोटांनी दाबून पाडलेले खळगे) आता, गरम असतानाच घाला. आकार पक्का होतो तो थंड होताना, त्यामुळे मध्येच साच्यावरून काढून बघायचं नाही.

कडेसाठी टोपी उलटी करून टेबलाच्या काठाशी धरा, म्हणजे घुमट बाहेर लोंबेल आणि कडेचा तेवढाच भाग टेबलावर सपाट बसेल. वर जुन्या धोतराचा दमट तुकडा ठेवून इस्त्री लोकरीच्या तापमानावर नुसती टेकवायची, उचलायची, पुढे सरकायचं. ओढायची नाही.

सुकायला सावलीत, पंख्याखाली एक दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात हे काम काढू नका, दोन-तीन दिवस दमट राहिली की बुरशी धरते. उन्हातही नको, रंग उडतो.

वाफेने जेमतेम एक सेंमी घेर वाढतो. त्यापलीकडे ताणलं की पट्टीचे टाके तुटतात. सैल होत असेल तर पट्टीमागे कागदाच्या घड्या सरकवा. घडीवर फेल्ट चिरलंच असेल तर वाफेने ते जुळत नाही, आतून पातळ कापड लावून बारीक टाके घाला.

सुकल्यावरही कड लुळी पडत असेल तर फेल्टमधली लाख गेलीय. सुतार पॉलिशला वापरतात तो चपडा ५ ग्रॅम, १०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा, गाळा आणि कडेला खालच्या बाजूने ब्रशने हलका हात द्या. गॅस बंद, खिडकी उघडी. आधी पट्टीखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून बघा, फिक्या राखाडीवर पिवळसर झाक येऊ शकते.