बाहुल्यांचे डोळे स्प्रेने रंगवायला थ्रीडी प्रिंटेड मास्क (रंग नको तो भाग झाकणारं कवच) चालेल का?
चालेल की, थोड्या नगांसाठी तर मस्तच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बाहुलीचं मॉडेल घ्या, त्याभोवती 2 मिमी जाड कवच काढा, आतून तेच मॉडेल 0.2 मिमी फुगवून वजा करा आणि मग डोळ्याची जागा कापा. खरी मेख भोकाच्या कडेला आहे, ती बाहेरून उतरती आणि पातळ ठेवा, नाहीतर स्प्रे कोपऱ्यात पोचतच नाही आणि रेष धूसर येते. बारीक डोळ्यांना रेझिन प्रिंट, मोठ्या पट्ट्यांना पीएलए हे प्रिंटिंगचं प्लास्टिक चालतं. एबीएस प्लास्टिक नको, रंग काढायला ॲसिटोनने पुसलंत की विरघळलं! प्रिंटर नसेल तर नाशकातल्या अंबड-सातपूर औद्योगिक भागाकडे जॉबवर्कवाले शोधा. आणि नाशकातल्या मे महिन्यात पीएलएचा मास्क बंद गाडीत ठेवू नका, 60 अंशाच्या आसपास तो मऊ पडतो, एकदा वाकला की बसत नाही.