मे महिन्यातील एकवीस दिवस आणि तीन लाखांचे कर्ज

आपले पत्र मिळाले. आपण पुण्यात नोकरी करता, घटस्फोटानंतर दहा वर्षांची मुलगी नागपूरला आईकडे राहते आणि कौटुंबिक न्यायालयात ठरलेल्या अटींनुसार यंदा मे महिन्यातील एकवीस दिवस तिला आपल्याकडे राहता येणार आहे. तिला सिंगापूरला नेण्यासाठी तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज काढावे की दोन लाखांची मुदत ठेव मोडून उरलेले पैसे बचत खात्यातून घालावेत, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते यंदा यांपैकी काहीही करू नये.

आपल्या हाती येणाऱ्या ६२ हजारांतून पोटगीचे १५ हजार, घरभाडे आणि घरखर्च वजा जाता महिन्याला साधारण १२ हजार उरतात आणि त्यातूनच दर दोन महिन्यांनी आपण नागपूरची फेरी करता. चौदा टक्के दराने तीन लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १०,२५० रुपये येईल आणि एकूण ६९ हजारांच्या आसपास व्याज जाईल. आठ दिवसांच्या सहलीचा हप्ता मुलगी तेरा वर्षांची होईपर्यंत फेडताना सगळ्यात आधी बंद पडतील त्या नागपूरच्या फेऱ्या, आणि मला खरी काळजी तीच वाटते. मुदत ठेव म्हणजे आपला चार महिन्यांचा खर्च आहे. नोकरीत खंड पडला तरी पोटगी वेळेवर जावी यासाठी ती अबाधित राहिली पाहिजे. मुलगी आपल्याकडे असेल त्या दिवसांची पोटगी परस्पर कापण्याचा विचारही करू नये, कारण शाळेची फी आणि तिकडचा बहुतेक खर्च त्या दिवसांतही चालूच असतो.

परदेश प्रवासात आणखी एक अडचण आहे. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे आई-वडील दोघांची संमती लागते, ती नसल्यास न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. त्यामुळे मुलीच्या आईची लेखी संमती हाती येण्यापूर्वी परत न मिळणारी आगाऊ रक्कम कोणत्याही सहल कंपनीला देऊ नये.

आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. व्हिडिओ कॉलवर मुलीने विचारले, "बाबा, तुमच्याकडे माझी उशी आहे का?" या प्रश्नाचे उत्तर दहा हजारांत देता येते: एक पलंग, अभ्यासाचे लहान टेबल आणि कपाटातला तिच्या नावाचा एक कप्पा. आपल्याकडे रजा बाराच शिल्लक आहेत, म्हणून उरलेल्या नऊ दिवसांची बिनपगारी रजा घ्यावी. त्यात सुमारे १८,६०० रुपये पगार बुडेल, तरी हा खर्च मी निःसंकोचपणे सुचवतो, कारण बाबा दिवसभर कार्यालयात असतील तर एकवीस दिवस केवळ कागदावर राहतात. चार-पाच दिवस दापोली किंवा गुहागरला जाऊन यावे, त्यासाठी २२ हजार धरावेत. तिकिटांसह हे सारे बचत खात्यातील साठ हजारांत बसते.

पुढील वर्षापासून दरमहा चार हजारांचे आवर्ती ठेव खाते केवळ तिच्या सुट्ट्यांसाठी उघडावे. बारा महिन्यांत व्याजाखेरीज ४८ हजार जमतील आणि सिंगापूरचा विषय दोन-तीन वर्षांनी, तिलाही विचारून, पुन्हा काढता येईल.

तारखा मात्र आत्ताच ईमेलवर लेखी ठरवून घ्याव्यात. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे मे महिन्यात तिच्या आजोळी काही कार्य असेल, तर एकवीस दिवस थोडे पुढे सरकवायला वाव आहे. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि पाच वर्षांवरील मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे पडते. तारखा मार्चच्या पहिल्या आठवड्यापूर्वी ठरल्या, तर नागपूरहून निघण्याचे आणि परतीचे आरक्षण खुले होईल त्याच सकाळी करता येईल.