जिंजाहून निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

प्रेमाचा सलाम. युगांडातल्या जिंजाहून परतीचे तिकीट हाती आले असून निघायला जेमतेम आठवडा उरला आहे, आणि नेमक्या याच वेळी राहून गेलेली सगळी कामे तुझ्या डोळ्यांपुढे उभी राहू लागली आहेत, असे तू लिहिले आहेस. मंडळीतून, म्हणजे आपल्या चर्चमधून, सेवेसाठी बाहेर गेलेल्या बहुतेक तरुणांचे शेवटच्या आठवड्यात असेच होते. माझे म्हणणे एवढेच की आता नवे काही हाती घेऊ नकोस. मुलांचा गायनवर्ग आणि दवाखान्यातली नोंदवही ही दोन कामे तुझ्याकडे आहेत. ती तिथल्या माणसांच्या हाती नीट सोपव, आणि तेही शेवटच्या संध्याकाळी घाईघाईने किल्ल्या देऊन नव्हे. उद्यापासूनच वर्ग तिथल्या शिक्षिकेने घ्यावा आणि तू मागच्या बाकावर बसावेस. तिने तुझ्याहून वेगळ्या पद्धतीने शिकवले तर मधे बोलू नकोस, कारण तू गेल्यावर ती तसेच शिकवणार आहे आणि मुलांना तिचीच सवय व्हायला हवी. नोंदवहीत तुझ्या सोयीसाठी तू काही मराठी खुणा केल्या असशील, तर त्या आजच खोडून सरळ इंग्रजीत लिहून काढ.

बायबलात प्रेषित पौल इफिसकरांचा निरोप घेतो तो प्रसंग तू रविवारच्या शाळेत पाठ केला होतास. मिलेत गावी तो त्यांच्या मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घेतो, पुन्हा आपले तोंड दिसणार नाही असे त्यांना स्पष्ट सांगतो, मंडळीचा कळप त्यांच्या स्वाधीन करतो, आणि मग सगळे गळ्यात पडून रडतात. आधी खरे सांगणे, मग सोपवणे आणि त्यानंतर रडणे, हा क्रम माझ्या लेखी महत्त्वाचा आहे. निरोपसमारंभात आपण बहुधा रडण्यापासून सुरुवात करतो आणि त्या भरात भलतेच काहीतरी कबूल करून बसतो.

या पत्रात मला सर्वांत जास्त याच कबुलीविषयी लिहायचे आहे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत कोणीतरी आई तुला बाजूला घेईल आणि मुलाच्या शाळेच्या फीविषयी विचारील. ती लबाड नसेल, आणि तिची गरजही खोटी नसेल. युगांडात १९९७ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत असले, तरी गणवेश, वह्या, दुपारचे जेवण आणि शाळेची इतर देणी घरालाच भागवावी लागतात, आणि खासगी शाळा असेल तर फी दर सत्राला, म्हणजे वर्षातून तीनदा, भरावी लागते. तू पर्समधले उरलेले शिलिंग काढून देशील, ते एक वेळ चालेल. पण “मी पाठवत जाईन” हे वाक्य तोंडून निघण्यापूर्वी हिशेब मांड. तिथे प्राथमिक शिक्षण सात वर्षांचे, पुढे चार वर्षे आणि विद्यापीठात जायचे तर आणखी दोन वर्षे असते. पहिलीतल्या मुलाला दिलेला शब्द हा तेरा वर्षांचा शब्द आहे. तुझी स्वतःची नोकरी अजून लागायची आहे. तू दुसऱ्या वर्षी थांबलीस तर सत्राच्या मध्यावर त्या मुलाचे नाव पुकारून त्याला घरी धाडतील, आणि नगरमध्ये बसून तुला ते कळणारही नाही.

म्हणून तिला सांग की मी शब्द देऊ शकत नाही, पण तुमची गोष्ट इथल्या पाळकांना आणि शाळेच्या समितीला आजच सांगते. मग तिच्यासमोरच सांग. ऐकताना ते रुक्ष वाटेल, पण तिला उद्याही त्याच लोकांकडे जायचे आहे. पुढे मंडळीतर्फे काही करता आले, तर ते त्या समितीमार्फत आणि मुदत ठरवून करू. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने मदतीचा शब्द दहा वर्षांपुरता दिला होता. परतल्यावर मार्च १८८९ मध्ये बाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि दहा वर्षांची मुदत संपली तेव्हा १८९८ मध्ये त्या स्वतः पुन्हा अमेरिकेला गेल्या. मुदत ठरलेली असली की देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांसमोर ताठ मानेने उभे राहता येते. हे आपल्याच प्रांतातल्या बाईने दाखवून दिले आहे, पण आपण ते फारसे आठवत नाही.

निरोपाच्या रविवारी भेटी मिळतील. केळीच्या सोपटाने पाय बांधलेली जिवंत कोंबडी कोणी हातात ठेवली तर दचकून मागे सरू नकोस. पाहुण्याला देण्याजोगे त्या घरात जे उत्तम असते ते हेच असते. दोन्ही हातांनी घे, गुडघे थोडे वाकवून “म्वेबाले न्यो”, म्हणजे फार आभार, म्हण आणि रात्री ज्यांच्या घरी राहतेस त्यांच्या स्वाधीन कर. उपासनेनंतर अर्पणातल्या केळ्यांच्या घडांचा आणि अंड्यांचा लिलाव होतो, तो तू पाहिलाच असशील. आपल्याकडे कापणीच्या सणाला चालतो तसाच. त्यात बोली लाव, पण चढाओढ करून आजीबाईंच्या हातचा घड पळवू नकोस. घरी आणायला झाडाच्या सालीचे ते तांबूस कापड घे, कॉफी घे. बी-बियाणे, रोपे किंवा प्राण्यांच्या हाडा-शिंगांच्या वस्तू मात्र नकोत.

प्रवासाच्या गोष्टी थोडक्यात लिहिते. पीतज्वराच्या लसीचे पिवळे पुस्तक पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेव, कारण मुंबईला उतरल्यावर ते मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. मलेरियाची गोळी घरी आलो म्हणून बंद करायची नसते. डॉक्सिसायक्लीन असेल तर परतल्यावर चार आठवडे आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस ती चालू ठेवावी लागते. पुढच्या तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग की मी युगांडातून आले आहे आणि माझे रक्त मलेरियासाठी तपासा. नाहीतर पावसाळ्याचे दिवस म्हणून ते आधी डेंग्यूच्या मागे लागतील. तुम्ही मुले नाईल नदीत किंवा व्हिक्टोरिया सरोवरात पोहला असाल, आणि पोहला असालच, तर सुमारे दोन महिन्यांनी बिलहार्झियाची, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या परजीवी आजाराची, तपासणी करून घे. आपल्याकडे हा आजार जवळजवळ नसल्यामुळे तू नाव घेतल्याशिवाय तो कोणाच्या मनात येणार नाही.

आता घरचे. तू आलीस की पहिल्या आठवड्यात सगळे विचारतील आणि दुसऱ्यात कोणी विचारणार नाही. त्याच सुमारास घरात एखादे लग्न निघेल आणि ताटात टाकलेली बासुंदी पाहून तुझ्या मनात जिंजाच्या पोशोचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या गोळ्याचा, हिशेब सुरू होईल. तो मनातच ठेव. मामांना त्यांच्या मांडवात सुनावून युगांडातल्या कोणाचे पोट भरत नाही, आणि वर्षभरानंतर तुझ्याही ताटात बासुंदी असणार आहे. बोलावेसे वाटले तर माझ्याकडे ये, किंवा बरोबर गेलेल्यांपैकी कोणाकडे जा.

मंडळीपुढे साक्ष द्यायची, म्हणजे तिथला अनुभव सांगायची, वेळ येईल तेव्हा उघड्या पायांच्या मुलांची छायाचित्रे पडद्यावर लावू नकोस. ज्यांच्या आईवडिलांना विचारलेले नाही, त्यांची तर मुळीच नको. तिथली मंडळी म्हणजे आपण काही द्यायला गेलो होतो अशी दीनवाणी मंडळी नव्हे. राजाच्या हुकुमापेक्षा विश्वास मोठा मानणाऱ्या त्यांच्या तरुणांनी १८८५ ते १८८७ या काळात प्राण दिले, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर ३ जूनला नामुगोंगोला लोक कित्येक दिवस पायी चालत येतात. आपल्याकडचा कोणीतरी हटकून विचारील की त्यांनीच आपल्या लोकांना हाकलून दिले होते ना. जिंजाच्या मुख्य रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या माथ्यावर कोरलेली भारतीय नावे तू पाहिली आहेस, तेव्हा हा प्रश्न टाळू नकोस. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, हे खरे आहे. त्याच अमीनच्या राजवटीत फेब्रुवारी १९७७ मध्ये त्या मंडळीचे आर्चबिशप जनानी लुवुम मारले गेले, हेही सांग. ज्यांच्या घरी तू जेवलीस त्यांनीही तीच राजवट सोसली आहे.

पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतले तेव्हा त्यांनी मंडळी जमवून झालेले सगळे सांगितले आणि मग बराच काळ तिथेच राहिले. तुझ्याकडूनही मला याहून वेगळी अपेक्षा नाही. साक्ष पहिल्याच रविवारी ठेवू नका, महिनाभर जाऊ द्या, असे मी आपल्या पाळकांना सांगितले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. खर्चाचा हिशेब मात्र थांबवू नकोस. त्याची एक प्रत निघण्यापूर्वी तिथल्या खजिनदारांच्या सहीने त्यांच्याकडेच ठेव, दुसरी आल्या आठवड्यात आपल्या समितीला दे, आणि ज्या खर्चाची पावती मिळाली नाही तो तसाच, पावती नाही असे लिहून दाखव. शिलिंग उरले तर इथे ते सहसा कोणी बदलून देत नाही. तिथेच दवाखान्याच्या खात्यात भर आणि त्याचीही नोंद कर.

तुझी रविवारच्या शाळेतली,
बाई