सहावी तार सी शार्पला लाव

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सी सिक्सच्या ट्युनिंगमध्ये लॅप स्टीलवर (मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार) जॅझ बसवताना मेजर आणि मायनर कॉर्ड छान बसतात, पण डॉमिनंट सेव्हन आली की हात अडतो, असं लिहिलं आहेस. तो अडणारच. जी सेव्हन हीच डॉमिनंट कॉर्ड घे: तिच्यातली सगळी ओढ बी आणि एफ या दोन सुरांत आहे, आणि त्यांच्यात सहा पडद्यांचं अंतर आहे. सी सिक्सच्या सी, ई, जी, ए या चार सुरांत हे अंतर कुठल्याच जोडीत नाही. त्यामुळे बार सरळ ठेवून कुठेही नेला तरी ती ओढ सापडत नाही.

पेडल स्टीलवर पायाने तार खेचून हे अंतर मिळवतात. बडी एमन्स यांची १९६३ ची ‘स्टील गिटार जॅझ’ ही ध्वनिमुद्रिका पेडल स्टीलवरची आहे. ती जरूर ऐक, पण तिच्यातली हालचाल जशीच्या तशी लॅप स्टीलवर उतरवायच्या मागे लागू नकोस. आपल्याकडे पेडल नाही, मग ट्युनिंगच बदलायचं.

सहावी तार, म्हणजे तुझ्या बाजूची सगळ्यात जाड, सी वरून अर्धा स्वर चढवून सी शार्पला लाव. जाडीकडून बारीकपर्यंत आता सुर असे: सी शार्प, ई, जी, ए, सी, ई. स्टील गिटारवादक जेरी बर्ड वापरत ते हेच ट्युनिंग. त्याला सी सिक्स-ए सेव्हन म्हणतात. सहावी तार ०.०३६ इंचाची असेल तर बदलायला नको. ताण साधारण बारा टक्के वाढतो, तेवढा ती सोसते. बाकीच्या पाच तारा मात्र पुन्हा जुळवून घे.

आता बार दहाव्या पडद्यावर ठेव. सहावीपासून तिसरीपर्यंत बी, डी, एफ, जी. ही झाली पूर्ण जी सेव्हन. दुसरी तारही घेतलीस तर बी फ्लॅट येतो, म्हणजे शार्प नाइन. तो हवा असेल तेव्हाच घ्यायचा, नाहीतर दुसरी तार सोडायची.

तोच बार सहा पडदे खाली, चौथ्यावर आण, आणि बास वाजवणाऱ्याला जी धरू दे. तुझ्या तारांवर एफ, ए फ्लॅट, बी, सी शार्प, ई, ए फ्लॅट आहेत. जीच्या हिशेबात ते फ्लॅट सेव्हन, फ्लॅट नाइन, थर्ड, शार्प इलेव्हन, थर्टीन आणि पुन्हा फ्लॅट नाइन. आधुनिक जॅझचा पियानोवाला डाव्या-उजव्या हातांनी मिळून जशी कॉर्ड रचतो, तशीच इथे एका सरळ बारमध्ये बसलेली आहे. मूळ सूर त्यात नाही, आणि नसलेलाच बरा, तो बासचा.

या एका जागेभोवती टू-फाइव्ह-वन, म्हणजे डी मायनर, जी, सी ही जॅझमधली नेहमीची साखळी बांध. डी मायनर सेव्हनसाठी पाचवा पडदा, तारा पाच ते एक. सहावी तिथे छेडू नकोस, एफ शार्प वाजेल आणि वरच्या एफशी भांडेल. जीसाठी चौथा पडदा, सहाही तारा. सीसाठी सातवा पडदा, तारा पाच ते एक: बी, डी, ई, जी, बी, म्हणजे सी मेजर नाइन. किंवा बार खालीच जाऊ दे, दुसऱ्या पडद्यावर. तिथे सी बासवर एफ शार्प, ए, बी, डी मिळतात आणि शेवट उघडा, तरंगता राहतो. पाच, चार, दोन हा उतार मला जास्त आवडतो, पण त्यात ई नाही. सोबत पियानो किंवा गिटार नसेल तर सातवाच घे. मायनरमध्ये डी हाफ-डिमिनिश्डसाठी पहिल्या पडद्यावर फक्त सहा, पाच, चार या तारा, मग चौथा पडदा, मग सी मायनर सेव्हनसाठी तिसरा.

तिरप्या बारशिवाय पुढे जाता येणार नाही. चौथी तार चौथ्या पडद्यावर बी देते, दुसरी तार पाचव्यावर एफ. बारचं टोक पुलाकडे (ब्रिजकडे) झुकवलं की दोन्ही एकदम मिळतात. मग टोक उलट, गिटारच्या खुंट्यांकडे झुकव: चौथी तार पाचव्यावर सी, दुसरी चौथ्यावर ई. जी सेव्हन सीमध्ये सुटली. अडचण अशी की साडेबावीस इंची स्केलवर त्या दोन पडद्यांत जवळजवळ एक इंच अंतर आहे आणि बार फारच आडवा होतो. म्हणून हीच जोडी आधी एक सप्तक वर, सोळा-सतरा पडद्यांवर बसव; तिथे अंतर निम्मं आहे. मधली तिसरी तार मात्र चुकूनही वाजू देऊ नकोस. ती दोन पडद्यांच्या मध्ये असते, बेसूरच लागणार. बार गोल टोकाचा, पाऊण इंच जाडीचा, दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा घे; खाचांचा बार उलट तिरपा करताना बोटांत फिरत नाही.

आता मींड. आपल्याकडे हवाईयन गिटार शिकवली जाते ती बहुतेक सिनेमातल्या गाण्यांवर, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर तिच्यावर राग मांडले. त्यामुळे दोन सुरांमधली सरक आपल्या हातात मुरलेली असते. बीबॉपच्या, म्हणजे जलद जॅझच्या, चालीत तीच घात करते: प्रत्येक आठवा भाग (एट्थ नोट) मागच्याला चिकटतो आणि लय ढिली पडते. उपाय उजव्या हातात आहे. बार हलायच्या आधी तळव्याच्या कडेने तार बंद कर, बार नव्या जागी पोचू दे, मगच छेड. शक्य तिथे पुढचा सूर दुसऱ्या तारेवर घे. चौथ्या पडद्यावर पहिल्या तारेपासून चौथीपर्यंत ए फ्लॅट, ई, सी शार्प, बी असे चार आठवे भाग उतर आणि पुढच्या मापाच्या पहिल्या ठोक्यावर चौथ्याच तारेने पाचव्या पडद्यावर सी घे. त्या शेवटच्या अर्ध्या स्वराची सरक ठेव, बाकी एकही नको. मेट्रोनोम ५० वर लावून त्याचे ठोके दोन आणि चारवर धर.

सुराचं अजून एक. तानपुऱ्यावर तयार झालेला कान ईच्या दोन्ही तारा शुद्ध गांधाराला लावतो, पियानोच्या ईपेक्षा सुमारे १४ सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). नुसती सी सिक्स वाजवताना ते गोड लागतं. पण सातव्या पडद्यावर त्याच तारा बी होतात, पाचव्यावर ए, आणि पियानोशेजारी दोन्ही उतरलेले ऐकू येतात. बँडमध्ये वाजवताना सहाही तारा ट्युनरवर शून्याला लाव. कंप सूर लागल्यावर, उशिरा दे. आधीपासून दिला तर बार चुकीच्या जागी आहे हे तुझं तुलाच कळणार नाही. बार पडद्याच्या रेषेच्या बरोबर वर असावा आणि तुझं डोकं त्याच्या वर, बाजूने पाहिलं की रेषा सरकल्यासारखी दिसते.

पाच-चार-दोन आणि पाच-चार-सात बारा स्वरांत फिरवून झालं की ध्वनिमुद्रण पाठव. बासची साथ नसेल तर आधी मूळ सूर मुद्रित करून त्यावर वाजव; नुसत्या तारांवर या कॉर्ड अर्धवटच वाटतील.

कळावे.