घाटात ट्रॉली ओढताना गिअरबॉक्सचं ऑईल १०८ अंशांवर: किती चालतं, कुठे थांबायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही, मागे ट्रॉलीवर जुनी जीप, सगळं मिळून पावणेदोन टन ओझं. भिवंडीहून पिंपळगावला येताना कसारा घाटात डोंगलवर (गाडीच्या सॉकेटला लावून फोनवर आकडे दाखवणारं यंत्र) गिअरबॉक्सचं ऑईल १०८ अंश दिसलं आणि इगतपुरी मागे पडल्यावर ९४ वर आलं. शेवटी शेडच्या चढावर ट्रॉली रिव्हर्समध्ये चढवायची असते. मित्र म्हणतो, नव्वदच्या वर गेलं की गिअरबॉक्स गेलाच समजा.

काहीही गेलेलं नाही. चढावर वाढलं आणि सपाटीवर आपोआप उतरलं, हे निरोगी गिअरबॉक्सचं लक्षण आहे.

बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल इंजिनाच्या कुलंटने थंड होतं, आणि ते कुलंटच नव्वदच्या आसपास असतं. मग ऑईल त्याच्या फार खाली येणार कसं? रिकाम्या गाडीलाही ८० ते ९५ हे रोजचं तापमान आहे. ओझं घेऊन घाट चढताना १०० ते ११० झालं तर मी गाडी चालवत राहतो. ११५ ला वेग आणि गिअर बदलून बघतो, १२० ला थांबायची जागा शोधतो, आणि १३० ला गाडी बाजूला घेतलीच पाहिजे. त्या पट्ट्यात सील कडक व्हायला लागतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच खरी धरा.

आकडा वाचताना सेन्सर कुठे आहे तेही बघा. चेंबरमधलं (गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यातलं) ऑईल आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) नुकतंच बाहेर पडलेलं ऑईल यांत मोठा फरक असतो. कन्व्हर्टरच्या बाहेरचं बरंच जास्त गरम असतं. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

खरी उष्णता तयार होते ती कन्व्हर्टरमध्ये. लॉकअप, म्हणजे कन्व्हर्टरमधला क्लच, लागलेला असतो तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडलेले असतात, दोघांमधली घसरण जवळपास शून्य. लॉकअप सुटला की सगळी ताकद ऑईलमधून जाते. समजा ६० किलोवॅट ताकद चालली आहे आणि त्यातली १५ टक्के घसरणीत गेली, तर ९ किलोवॅट उष्णता थेट ऑईलमध्ये उतरते. न्हाणीघरातले चार-साडेचार गिझर एकदम चालू ठेवण्यासारखं आहे हे. ट्रकच्या मागे पंधरा-वीसच्या वेगाने रखडताना म्हणूनच आकडा पळतो. मोकळ्या घाटात चाळीसने चढणारी गाडी उलट थंड राहते.

लॉकअप लागलाय का, हे ओळखायला सोपं आहे. चढावर एक्सलरेटर किंचित दाबा. वेग तोच राहून आरपीएम तीनशे-चारशेने उसळला तर लॉकअप सुटलेला आहे. अशा वेळी गिअर हाताने तिसऱ्यात धरा. डी मध्ये सोडलेली गाडी ओझ्याखाली तिसरा-चौथा करत बसते, आणि प्रत्येक बदलाला लॉकअप सुटतो. आवाज वाढला तरी चालेल, २२०० ते २८०० आरपीएमवर डिझेल इंजिन आणि कुलंटचा पंप दोघेही नीट काम करतात. एप्रिल-मेच्या दुपारी घाटापुरता एसी बंद केला तर रेडिएटरसमोरची गरम हवाही कमी होते.

थांबायची वेळ आलीच तर इंजिन बंद करू नका. ही चूक फार जण करतात आणि ती महागात पडते. गिअरबॉक्सचा ऑईल पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे ऑईल जागच्या जागी भाजत बसलं. हँडब्रेक लावा, पी मध्ये टाका, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावा, इंजिन हजार-बाराशेवर ठेवा. सहसा दहा मिनिटांत फरक दिसतो. कुलंटचा काटाही वर असेल तर मात्र दुखणं वेगळं आहे, त्याची आधी तपासणी.

तुम्ही दर महिन्याला असं ओझं आणणार असाल तर रेडिएटरपुढे वेगळा ऑईल कूलर बसवा, थर्मोस्टॅटवाला. त्याआधी एसीच्या कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढची जाळी) फटींत अडकलेली धूळ आणि किडे कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढा. पिंपळगावच्या द्राक्षबागांमधून फिरणाऱ्या गाडीला एवढ्यानेही फरक पडू शकतो. मॅन्युअलमधली ओढायची मर्यादा बघा, ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असताना आणि नसताना ती वेगळी असते.

ऑईलबद्दल माझं मत ठाम आहे. जुना ढोबळ नियम असा की ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना ऑईलचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक ऑईलं जास्त टिकतात, पण ओढकाम करणाऱ्या गाडीला ‘लाइफटाइम’ ऑईल हा शब्द लागू नाही. पन्नास-साठ हजार किलोमीटरला बदला, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. ऑईल तपकिरी झालं म्हणून घाबरू नका. जळका वास आला किंवा चेंबरच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लेपाऐवजी धातूचे कण दिसले, तर गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडे न्या.

आणि घाटापेक्षा मला तुमच्या शेडचा चढ जास्त खटकतो. ट्रॉली रिव्हर्समध्ये चढवताना कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू जवळजवळ थांबलेली असते, वारा नसतो, आकडा मिनिटभरात दहा अंश वर जाऊ शकतो. चढ मातीचा आणि सरळ असेल तर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू गिअर) लावून रिव्हर्स घ्या. सिमेंटचा असेल किंवा वळण घ्यायचं असेल तर फोर-लो नको. जीप खाली उतरवून तिच्याच इंजिनावर आत घ्या आणि रिकामी ट्रॉली मागे ढकला.